हाक कुठून येते

'जबाबदारी' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. घरची जबाबदारी, म्हाताऱ्या आईबापांची जबाबदारी, ऑफिसातली जबाबदारी. त्याच्या पोटात 'जबाब' बसलेला आहे हे मात्र ध्यानात राहत नाही. जबाब द्यायचा तर आधी कुणीतरी विचारलेलं असावं लागतं. ओ द्यायची तर हाक आलेली असावी लागते. म्हाताऱ्या आईच्या बाबतीत हे सोपं आहे, ती आतल्या खोलीतून खरोखरच हाक मारते. पण नदी राखायची जबाबदारी आपली आहे असं आपण म्हणतो, तेव्हा विचारणारं कोण असतं? दोनशे वर्षांनी जन्माला येणाऱ्या माणसांबद्दल म्हणतो, तेव्हा? ती माणसं अजून नाहीतच. जे नाहीत ते हाक कशी मारणार?

जर्मन भाषेतही जबाबदारीच्या शब्दात उत्तर दडलेलं आहे. 'आंटव्होर्ट' म्हणजे उत्तर आणि 'फेरआंटव्होर्टुंग' म्हणजे जबाबदारी. तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी 1979 साली 'दास प्रिंत्सिप फेरआंटव्होर्टुंग', म्हणजे 'जबाबदारीचं तत्त्व', हा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. त्याआधीची पंचेचाळीस वर्षं ते जर्मनीबाहेर होते. इंग्रजीत शिकवत होते, इंग्रजीतली त्यांची पुस्तकं नावाजली गेली होती. तरी हा ग्रंथ त्यांनी मुद्दाम जर्मनमध्ये लिहिला. प्रस्तावनेत कारण साधंच दिलं आहे: शिकून घेतलेल्या भाषेत लिहायचं तर दुप्पट-तिप्पट वेळ लागला असता, आणि या वयात तेवढी सवड नव्हती. ज्या देशानं त्यांना परकं ठरवलं त्या देशाची ती भाषा. पण त्यांच्या आईचीही तीच.

योनासांच्या लेखनाचे सहसा तीन तुकडे पाडले जातात. तरुणपणी प्राचीन नॉस्टिक धर्मपंथांचे अभ्यासक, मध्यम वयात जीवसृष्टीचे तत्त्वज्ञ, उतारवयात तंत्रज्ञानाच्या नीतीचे मीमांसक. ग्रंथालयात त्यांची पुस्तकं तीन वेगळ्या कपाटांत सापडतात. मला मात्र वाचता वाचता असं वाटत गेलं की या माणसानं साठ वर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. हाक कुठून येते? जगाबाहेरून, माझ्या आतून, की या जगातूनच? तीन कपाटं ही त्या एका प्रश्नाची तीन उत्तरं आहेत. पहिली दोन त्यांनी अगदी आतून समजून घेतली आणि नाकारली. तिसऱ्यासाठी त्यांना उरलेलं आयुष्य लागलं.

पहिलं उत्तर नॉस्टिकांचं. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशांत, इजिप्तपासून मेसोपोटेमियापर्यंत, निरनिराळे पंथ उगवले. 'ग्नोसिस' हा त्यांचा मंत्र. हा ग्रीक शब्द आणि आपला 'ज्ञान' एकाच मूळ धातूची लेकरं आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे सगळं चटकन ओळखीचं वाटतं. ज्ञानानं मुक्ती, देह हे बंधन, जग ही भुरळ. इथे जरा थांबलं पाहिजे. आपल्या अद्वैतात जग खोटं म्हटलं तरी ते कुणा दुष्टानं रचलेलं नसतं. ज्ञानदेवांनी तर 'अमृतानुभवा'त अज्ञान नावाची काही वेगळी वस्तू आहे हेच खोडून काढण्यासाठी अख्खं प्रकरण खर्ची घातलं आणि जग हा चैतन्याचाच विलास ठरवला. नॉस्टिकांचं म्हणणं याच्या थेट उलट होतं. जग खरं आहे, भक्कम आहे आणि शत्रूचं आहे. ज्यानं ते घडवलं तो खरा देव नव्हेच. तो एक अडाणी, गर्विष्ठ कारागीर. खरा देव या विश्वाच्या पलीकडे, इतका दूर की या जगाशी त्याचं काही देणंघेणं नाही. माणसाच्या आत त्या दूरच्या उजेडाची एक ठिणगी अडकून पडली आहे, एवढाच काय तो संबंध.

योनासांनी यातली उलथापालथ फार बारकाईनं दाखवली आहे. ग्रीक माणूस विश्वाला 'कॉसमॉस' म्हणत असे. या शब्दात नीटनेटकी मांडणीही आहे आणि शृंगारही. रात्री आकाशाकडे पाहावं, ग्रहताऱ्यांची शिस्त पाहावी आणि आपलं मन त्या शिस्तीला जुळवावं, ही त्या काळच्या शहाण्या माणसाची पूजा होती. नॉस्टिकानंही तेच आकाश पाहिलं, शिस्तही तीच पाहिली. पण त्याला ती तुरुंगाची शिस्त वाटली. सात ग्रहांची सात कवचं, एकात एक बसवलेली, आणि प्रत्येकावर एक पहारेकरी, 'आर्कॉन'. ग्रहांची पीडा आपल्यालाही ठाऊक आहे, पण आपण ग्रहांची शांत करून घेतो. नॉस्टिकाला ग्रहांना शांत करायचं नव्हतं, त्यांच्या पहाऱ्यातून निसटायचं होतं.

आणि निसटायचं कसं? तर हाक ऐकून. नॉस्टिक ग्रंथांत ही प्रतिमा पुन्हा पुन्हा येते: माणूस गाढ झोपेत आहे, नशेत आहे, आणि बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारतं.

याची सर्वांत सुंदर कथा सिरियाक भाषेतल्या 'मोत्याच्या गीता'त आहे. तिचा एक धागा आपल्या भूमीलाही येऊन लागतो. ज्या 'थॉमसच्या चरित्रा'त हे गीत आढळतं त्यात येशूचा शिष्य थॉमस एका व्यापाऱ्याचा गुलाम म्हणून हिंदुस्थानात येतो, गुंडफर राजाच्या दरबारी पोचतो, आणि पुढे इथल्याच एका तुरुंगात सोबतच्या कैद्यांसमोर हे गीत गातो. कथा अशी. पूर्वेकडल्या राज्यातला एक लहान राजपुत्र. आईवडील त्याचा झगमगता अंगरखा उतरवून ठेवतात आणि त्याला इजिप्तला धाडतात. तिथे समुद्रात फुत्कारणाऱ्या सर्पाच्या वेढ्यात एक मोती आहे, तो आणायचा. पोरगा निघतो. परका म्हणून ओळखू येऊ नये यासाठी तो तिथल्या लोकांसारखे कपडे घालतो. ते त्याला आपलं अन्न खाऊ घालतात. आणि त्या अन्नाच्या जडपणानं तो विसरतो. आपण कोण, कुणाचे, कशासाठी आलो, सगळं विसरून झोपी जातो. मग घरून पत्र येतं. पत्र गरुड होऊन उडत येतं, त्याच्याजवळ उतरतं आणि बोलू लागतं. त्या आवाजानं तो जागा होतो. पत्रातली अक्षरं आणि त्याच्या मनात कोरलेली अक्षरं एकच निघतात. तो सर्पाला भुलवतो, मोती घेतो, अंगावरचे मळके कपडे तिथेच टाकतो आणि घराकडे वळतो. वाटेत तो जुना अंगरखा त्याला सामोरा येतो, आणि त्यात त्याला आरशात पाहावं तसं आपलंच रूप दिसतं.

किती वेळा वाचली तरी ही कथा गळ्याशी येते. परगावी, परमुलखात राहणाऱ्या माणसाला तर ती आपलीच वाटेल. पण एक गोष्ट पाहा. राजपुत्र गेल्यावर इजिप्तचं काय झालं, हे कथेत कुणी विचारत नाही. ज्यांनी त्याला जेवू घातलं त्यांचं काय? तो समुद्र, ती माणसं? ते सगळं मळक्या कपड्यांसारखं मागे पडलं. हाक जगाबाहेरून आली असेल तर जगाला आपण काहीच देणं लागत नाही. तिसऱ्या शतकातल्या प्लोटायनसनं नॉस्टिकांविरुद्ध एक प्रकरणच लिहिलं. त्यात त्याची मुख्य तक्रार हीच आहे: हे लोक देवाकडे पाहा म्हणतात, पण माणसानं चांगलं कसं वागावं याबद्दल त्यांच्याकडे शब्द नाही. ही तक्रार योनासांनी फार मनावर घेतली. जो जगाला धुडकावतो त्याची नीती लंगडी पडते, हे बीज तिथलं.

दुसरं उत्तर त्यांच्या गुरूंचं. 1903 साली म्योन्शेनग्लाडबाखमधल्या एका ज्यू कापड-कारखानदाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांच्याकडे शिकण्यासाठी मारबुर्गला गेला. तिथेच बायबलचे अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान भेटले, आणि हाना आरेंट ही जन्माची मैत्रीण भेटली. नॉस्टिक विचारावर त्यांनी 1928 साली हायडेगर यांच्याकडे प्रबंध पूर्ण केला. हायडेगर यांची परिभाषा म्हणजे जणू किल्लीच होती. माणूस जगात 'फेकला गेलेला' आहे, धास्ती हा त्याचा मूळ स्वर आहे. ही किल्ली दोन हजार वर्षांपूर्वीच्या नॉस्टिक कुलपांना अलगद लागत गेली. नॉस्टिकही स्वतःला जगात फेकला गेलेलाच म्हणत होता.

किल्ली इतकी नेमकी कशी लागली, हा प्रश्न तेव्हा त्यांना पडला नाही. तो पडायला बरीच वर्षं जावी लागली. मधल्या काळात 1933 उजाडलं. हिटलर सत्तेवर आला, हायडेगर नाझी पक्षात गेले, फ्रायबुर्ग विद्यापीठाचे रेक्टर झाले. योनास आधी लंडनला आणि 1935 साली पॅलेस्टाइनला गेले. त्यांच्या नॉस्टिक अभ्यासाचा पहिला खंड 1934 साली जर्मनीत छापून आला, लेखक देशाबाहेर असताना.

पन्नाशीच्या दशकात योनासांनी किल्ली उलटी फिरवून पाहिली. हायडेगर यांच्या मदतीनं नॉस्टिक उलगडतात, मग नॉस्टिकांच्या मदतीनं हायडेगर उलगडतात का? उलगडले. हायडेगर यांच्या 1927 च्या महाग्रंथातही हाक आहे, सदसद्विवेकाची. ती बाहेरून येत नाही, माणसाच्या स्वतःतूनच उठते. ती कुठली विशिष्ट गोष्ट सांगत नाही, मौनातच बोलते. ती माणसाला चारचौघांच्या गर्दीतून उपटून स्वतःपाशी आणते आणि म्हणते, ठाम हो. कशासाठी ठाम? याला उत्तर नाही. योनासांना सर्वांत भीषण वाटलं ते हे रितेपण. ठामपणा हाच सद्गुण ठरला की त्या रिकाम्या जागेत कुणीही येऊन बसू शकतं, आणि 1933 मध्ये येऊन बसलं.

यापुढचं त्यांचं निरीक्षण मला त्यांच्या सगळ्या लेखनाचं आतडं वाटतं. नॉस्टिकाचं जग शत्रू होतं. शत्रू असलं तरी ते त्याच्याकडे पाहत होतं, त्याला अडवत होतं, आणि त्या शत्रूच्या पलीकडे एक घर होतं. आधुनिक माणसाचं जग शत्रूसुद्धा नाही. सतराव्या शतकात पास्कालला ज्या अफाट, मुक्या अवकाशाची धडकी भरली त्याला आपण आहोत की नाही याचंही सोयरसुतक नाही. विज्ञानानं निसर्गातून हेतू काढून घेतले, चांगलं-वाईट काढून घेतलं, उरलं ते मोजमाप. नॉस्टिकाचा परकेपणा आपण ठेवला आणि त्याचं घर मात्र गमावलं. योनास म्हणतात, ही स्थिती नॉस्टिकापेक्षा कितीतरी हताश आहे. शत्रूशी निदान झगडा होतो. बेफिकिरीशी काय होणार?

आणि ज्याला काहीच नको आहे, ज्याला कशानंच दुखत नाही, त्याचं आपण काहीही करू शकतो. डोंगर म्हणजे खडी, नदी म्हणजे इतके घनमीटर पाणी, जंगल म्हणजे इतके टन लाकूड. नॉस्टिक जगाला शिव्या देऊन निघून गेला. आपण शिव्या दिल्या नाहीत, निघूनही गेलो नाही. जेसीबी आणला. प्राचीन धर्माचा अभ्यास आणि तंत्रज्ञानाची चिंता यांना जोडणारा पूल मला इथे दिसतो.

तिसऱ्या उत्तराची सुरुवात ग्रंथालयात झाली नाही. जर्मनीतून निघताना योनासांनी मनाशी शपथ घेतली होती की परत पाऊल टाकीन ते जिंकणाऱ्या सैन्याचा शिपाई म्हणून. युद्ध पेटल्यावर वयाच्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी ते ब्रिटिश सैन्यात भरती झाले आणि पुढे ज्यू ब्रिगेडबरोबर इटलीत लढले. पाच वर्षं हाताशी ना पुस्तकं, ना टिपणं. 1943 साली लोरे यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं, आणि आघाडीवरून ते तिला पत्रं लिहीत. प्रेमाची पत्रं होतीच, पण त्यांत पानंच्या पानं तत्त्वज्ञान भरलेलं असे, आणि तेही पूर्वीच्या विषयावरचं नव्हतं. तोफांच्या आवाजात, जिथे शरीर कुठल्याही क्षणी फाटू शकतं तिथे, हा माणूस बायकोला लिहीत होता की शरीर म्हणजे काय, जिवंत असणं म्हणजे काय. नॉस्टिकांनी आणि हायडेगर यांनी जे बाजूला टाकलं होतं नेमकं तेच. हायडेगर यांच्या माणसाला धास्ती आहे, मरण आहे, पण त्याला भूक लागत नाही.

त्या पत्रांतलं बीज 1966 च्या 'द फेनॉमेनन ऑफ लाइफ' या पुस्तकात वाढलं. त्यांचं म्हणणं समईच्या ज्योतीपासून समजून घेता येतं. ज्योत तासभर तीच दिसते, पण तिच्यातला कण न् कण पळापळाला बदलत असतो. तिचं टिकणं म्हणजे एक चाललेली क्रिया. जिवंत शरीरही तसंच आहे, पण त्याहून एक पाऊल पुढे. इंजिनात डिझेल घातलं तर डिझेल जळून जातं आणि इंजिन तेच लोखंड राहतं. शरीराचं तसं नाही. खाल्लेलं अन्न हेच शरीर होतं, कालचं शरीर आज बाहेर टाकलं जातं, आणि तरी 'मी' राहतो. म्हणजे अगदी अमीबापासून जीव हा द्रव्यापासून मोकळा आहे, आणि त्याच वेळी द्रव्यावाचून त्याचं क्षणभरही चालत नाही. मोकळीक आणि गरज ही जुळी भावंडं. दगडाला काही नको असतं म्हणून तो काही गमावू शकत नाही. जिवाला पुढच्या क्षणी असण्यासाठी काहीतरी करावं लागतं. तो मरू शकतो म्हणून त्याला स्वतःची काळजी आहे. विश्वात पहिल्यांदा कुठल्यातरी वस्तूला आपण असावं की नसावं याचा फरक पडू लागला, तो पेशीच्या रूपात.

डार्विनबद्दल ते जे म्हणतात ते मला फार आवडतं. माणूस माकडाचा वंशज ठरला तेव्हा लोकांना वाटलं, माणसाची पत गेली. योनास तोच हिशेब दुसऱ्या बाजूनं मांडतात. आपल्यात जे आत आहे, दुःख, ओढ, भीती, ते आपल्यापासून सुरू झालेलं नसेल, तर ते खाली पार मुळापर्यंत थोडंथोडं असलंच पाहिजे. देकार्तनं माणूस आणि प्राणी यांच्यामध्ये जी भिंत बांधली होती ती डार्विननं नकळत पाडली. माणूस खाली घसरला नाही, सगळी जीवसृष्टी नात्यात आली. आपण इथे फेकले गेलेलो नाही. आपण इथलेच, इथल्याच कुळातले.

1945 च्या उन्हाळ्यात ते शपथेप्रमाणे गणवेशात जर्मनीत परतले. आई तोवर गेलेली होती. तिच्याकडे पॅलेस्टाइनला जाण्याचा परवाना आला होता. तो तिनं दाखाऊच्या छळछावणीत डांबलेल्या आपल्या दुसऱ्या मुलाला सोडवण्यासाठी देऊन टाकला. तो सुटला. तिला पुढे ऑश्वित्झला नेलं. योनासांना हे परतल्यावर कळलं. त्याच दिवसांत ते मारबुर्गला बुल्टमान यांच्या घरी गेले. बुल्टमान नाझींना शरण न गेलेल्या थोड्या प्राध्यापकांपैकी. योनासांच्या काखोटीला एक पुस्तक होतं, प्रकाशकानं बुल्टमान यांना पोचवायला दिलेलं. म्हातारा प्राध्यापक बारा वर्षांनी समोर आलेल्या शिष्याकडे पाहतो, काखेतल्या पुस्तकाकडे पाहतो आणि विचारतो की हा नॉस्टिक अभ्यासाचा दुसरा खंड असावा अशी आशा धरू का. योनासांनी पुढे लिहिलं आहे की सगळ्या विध्वंसाच्या पलीकडून आलेल्या त्या प्रश्नानं त्यांच्या मनात पुन्हा काहीतरी सांधलं गेलं. दुसऱ्या खंडाचा पहिला भाग निघायला 1954 उजाडलं.

आता 1979 च्या त्या ग्रंथाकडे. त्याची सुरुवात ते सोफोक्लीजच्या 'अँटिगनी' नाटकातल्या समूहगीतानं करतात. त्यात माणसाच्या करामतींचं कौतुक आहे. तो समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, पाखरं पकडतो. पण योनास दाखवतात की त्या नांगराचा ओरखडा किती वरवरचा होता. समुद्र समुद्रच राहिला, धरणी थकली नाही. माणूस आपल्या तटबंदीच्या गावात राहत होता आणि नीती त्या तटाच्या आत लागायची, शेजाऱ्याशी कसं वागावं, राजानं कसं वागावं. तटाबाहेरचा निसर्ग स्वतःला सांभाळायला समर्थ होता. आता तट उरला नाही. सगळी पृथ्वीच गावठाण झाली, आणि जे कधी आपल्या हातात नव्हतं ते आपल्या हातात आलं. कांट म्हणाला होता, तुझं वागणं सगळ्यांनी नियम म्हणून उचललं तर चालेल का ते बघ. योनास म्हणतात, आता त्यानं भागत नाही. तुझ्या करणीनंतर या पृथ्वीवर माणसाचं माणसासारखं जगणं पुढे चालू राहील का, ते बघ.

आणि ज्याचं फळ आपल्याला नीट कळत नाही तिथे भीतीला गुरू करा, असं ते सांगतात. भलं होईल आणि वाटोळं होईल, अशी दोन्ही भाकितं समोर असली तर वाटोळ्याचं भाकीत जास्त गंभीरपणे घ्या. 1968 साली हार्वर्डच्या समितीनं मेंदूमृत्यूची व्याख्या सुचवली तेव्हा त्यांनी लगेच विरोध केला तो याच भीतीपोटी. जीवन आणि मरण यांची सीमा आपल्याला धड ठाऊक नाही, तर अवयव मिळावेत या सोयीसाठी ती रेष हलवू नका. इथे माझं मन त्यांच्यामागे पुरतं जात नाही. अवयवदानानं जगलेली माणसं मी पाहिली आहेत. आणखी एका ठिकाणी मी त्यांना सोडतो. पृथ्वी वाचवायला लागणारी काटकसर लोकशाहीला जमेल का, की ती हुकूमशाहीलाच सोपी जाईल, असा विचार त्यांनी या ग्रंथात तोलून पाहिला आहे. ज्यांनी हुकूमशाही एवढी जवळून भोगली त्यांनी त्या पारड्यात जराही वजन टाकावं, याचं मला वाईट वाटतं.

पण हाकेचा प्रश्न राहिलाच. का चालू राहावं माणसाचं जगणं? कुणी सांगितलं? नुसत्या 'आहे'मधून 'पाहिजे' निघत नाही, असं तत्त्वज्ञानात दोन-अडीचशे वर्षं पाठ केलं जातं. यावर योनासांनी जे उदाहरण पुढे केलं ते एखाद्या बाळंतिणीच्या खोलीतलं आहे. नुकतं जन्मलेलं मूल पाहा, ते म्हणतात. त्याचा नुसता श्वास हाच भोवतालच्या जगावर एक हक्क आहे.

माझी नात तीन दिवसांची होती तेव्हाची रात्र मला आठवते. लेक थकून झोपली होती. बाळाला माझ्या हातात देऊन सगळे निजले होते. साधारण तीन वाजले असतील. ती रडत नव्हती. तिची टाळू हलत होती, मऊ कातडीखाली टिक, टिक. नाकपुड्या एवढ्याशा, श्वास मध्येच अडखळायचा आणि माझाही थांबायचा, मग तिचा पुन्हा सुरू व्हायचा. मान धरायला येत नव्हती, ती माझ्या तळहातावर अख्खी टेकलेली. त्या घटकेला मला कुणी नियम सांगितला नव्हता. ती माझं कुणी आहे म्हणून सांभाळतो असंही मनात आलं नाही, त्या जागी दुसऱ्या कुणाचं मूल असतं तरी हात तसाच ताठ राहिला असता. तिचं असणं आणि मी हात काढता कामा नये हे, या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

तर्कशास्त्री म्हणेल, ही तर माया झाली, हा पुरावा नव्हे. कबूल आहे. आणि मुलांच्या हाका माणसांनी ऐकल्या नाहीत याची उदाहरणं योनासांना शिकवायची कुणाला गरज नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच आहे की हाकेकडे दुर्लक्ष करता येतं, पण ती आलीच नव्हती असं म्हणता येत नाही. पालकत्व हे त्यांच्या लेखी सगळ्या जबाबदारीचं मूळ रूप. ज्याला आपली गरज आहे आणि जे आपल्या हातात आहे, त्याचं आपण देणं लागतो. बदल्यात ते आपल्याला काही देईल म्हणून नव्हे. अजून न जन्मलेल्यांचं देणं आपण कसं लागतो हेही इथूनच कळतं. ते हाक मारत नाहीत, खरं. पण त्यांच्या हाकेला ओ देणारं कुणीतरी पृथ्वीवर असावं, हे आपल्या हाती आहे.

आईची आठवण त्यांनी उघडपणे काढली ती 1984 साली, ट्यूबिंगेन इथे पारितोषिक घेताना. विषय होता ऑश्वित्झनंतरचा देव. देव चांगला आहे, सर्वशक्तिमान आहे, आणि आपल्याला थोडा तरी कळू शकतो, ही तिन्ही विधानं ऑश्वित्झनंतर एकत्र उभी राहत नाहीत. त्यांतलं एक सोडावं लागेल. योनासांनी शक्ती सोडली. जग घडू देण्यासाठी देवानं स्वतःला आवरून घेतलं, सगळी सत्ता सोडून दिली आणि स्वतःला या सृष्टीच्या हवाली केलं. आता तो धावून येऊ शकत नाही. त्याला काळजी आहे, पण मदत आपण करायची. नॉस्टिकांचा देव बाहेरून हाक मारून माणसाला सोडवत होता. योनासांचा देव इथेच अडकला आहे आणि त्याला सोडवणं माणसावर आहे.

जानेवारी 1993 च्या अखेरीस, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, ते उत्तर इटलीतल्या उदिने इथे एक पारितोषिक घ्यायला गेले. युद्ध संपलं तेव्हा त्यांची ब्रिगेड इटलीच्या याच कोपऱ्यात होती. वर्णद्वेष आणि पृथ्वीवरचं संकट हा भाषणाचा विषय. त्यात ते म्हणाले की पूर्वी धर्म माणसाला निवाड्याच्या दिवसाची भीती घालत असे. आता ती भीती आपला छळलेला ग्रहच घालतो आहे. त्यासाठी आकाशातून कुणी यावं लागत नाही. हा साक्षात्कार कुठल्या डोंगरमाथ्यावरून किंवा बोधिवृक्षाखालून आलेला नाही. तो मुक्या वस्तूंचा टाहो आहे.

तिथून ते न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलला घरी परतले. 5 फेब्रुवारीला ते गेले.